जे पाप नव्हतंच, त्याची कबुली किती वर्षं द्यायची?

प्रश्न, थोडक्यात: मी ४२ वर्षांची, नगरकडच्या एका शाळेत शिक्षिका. माहेर-सासर दोन्ही ख्रिस्ती. मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने माझीही तपासणी झाली आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि कामं वेळेत पार पाडणं अवघड जातं ती स्थिती) व ऑटिझम (लोकांशी वागणं-बोलणं आणि आवाज-स्पर्श झेपणं वेगळं असतं ती स्थिती) अशी दोन्ही निदानं आली. सुटल्यासारखं वाटलं आणि खचल्यासारखंही. आमचे पाळक म्हणतात, "ख्रिस्तात तू नवी उत्पत्ती आहेस, असे शिक्के लावून घेऊ नकोस." सासूबाई म्हणतात, गोळ्या कशाला, प्रार्थना कर. मला स्वतःला स्वीकारायचं आहे, पण त्या नावाखाली मी माझ्या पापांना पाठीशी तर घालत नाही ना? आणि देवाला मी अशीच हवी होते का?

उत्तर:

जय ख्रिस्त, ताई. तुम्ही विचारलेल्यातली पापाची गोष्ट मी आधी घेते. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती बायकांच्या मनात तीच सगळ्यात खोल रुतलेली असते, आणि ती सुटल्याशिवाय बाकीचं काही कानात शिरत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. प्रौढ वयात असं निदान झालेल्या स्त्रियांसोबत बरीच वर्षं काम करते आहे. मराठी मंडळीतच लहानाची मोठी झाले, त्यामुळे तुमच्या घरातली आणि चर्चमधली बोली मला परकी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही आयुष्यभर अशा गोष्टींची कबुली देत आलात ज्या पाप नव्हत्याच. त्या गर्दीत, जी खरी पापं असतात, तुमची-माझी सगळ्यांचीच असतात, त्यांच्याकडे नीट बघायला तुम्हाला उसंतच मिळाली नाही. स्वतःचा स्वीकार केला की पाप झाकलं जाईल अशी तुम्हाला भीती वाटते. मी वर्षानुवर्षं पाहते आहे ते याच्या उलट आहे: स्वीकार आला की पाप बाकीच्या पसाऱ्यातून वेगळं होऊन समोर येतं.

एका बाईंच्या वहीतलं पान सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असा तपशील मी बदलला आहे. रोज रात्री त्या दिवसभराची पापं लिहून काढत. पान असं होतं: "उपासनेला पुन्हा उशीर. उपदेशात लक्ष नाही. प्रभुभोजनाच्या वेळी पंख्याची घरघर ऐकत बसले. आत्याबाईंना दवाखान्यात भेटायला जाते म्हणाले, गेले नाही. दूध उतू गेलं. शांत वेळ नाही, पाचवा दिवस. धाकटीला म्हणाले, तू झालीसच कशाला. वीजबिल राहिलं. महिला मंडळात कोणाशी हसून बोलता आलं नाही." आणि खाली, प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ: "प्रभू, क्षमा कर, मी आळशी आहे."

आम्ही ते पान ओळीओळीने वाचलं. धाकटीची ओळ आणि दुधाची ओळ, दोन्ही त्यांच्या डोळ्यांखालून एकाच वेगाने गेल्या. दोन्हींचं वजन त्यांच्या लेखी सारखंच होतं. मी त्यांना तिथे थांबवलं. दूध उतू गेलं, कारण गॅस लावून दुसऱ्या खोलीत गेल्यावर "गॅस चालू आहे" ही नोंद त्यांच्या मेंदूत टिकत नाही. याला आम्ही कार्यस्मृती म्हणतो आणि एडीएचडीत ती कच्ची असते. पंख्याची घरघर त्यांना छळते, कारण ऑटिझममध्ये बऱ्याचदा मेंदू आवाज गाळून घेत नाही, सगळे आवाज एकाच जोराने आत येतात. वीजबिल, उशीर, उपदेशातलं लक्ष, सगळं त्याच जातीचं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणी क्रुसावर जाण्याची गरज नव्हती. आत्याबाईंचं प्रकरण मधलं आहे. न जाण्यामागे प्रेमाचा अभाव नव्हता, तरी दवाखान्यात वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या बाईला लागायचं ते लागलंच, म्हणून तिथे माफी हवी. पण धाकटीला उद्देशून निघालेलं वाक्य हे पाप होतं. आवाजाने आणि थकव्याने डोकं भणाणलेलं असताना ते निघालं हे खरं, त्यामुळे ते का निघालं हे कळतं. मुलीच्या काळजावरचा ओरखडा त्याने पुसला जात नाही. त्या बाई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हे एवढं मोठं होतं आणि मी वीजबिलासाठी रडत होते." त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला जवळ घेऊन माफी मागितली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तुमची वही वेगवेगळ्या कप्प्यांत लावा. कुठे क्षमा मागायची आहे, कुठे मदत मागायची आहे, आणि कुठे काहीच मागायचं नाही, नुसतं "मी अशी आहे" म्हणून पुढे जायचं आहे. जिथे दोन्ही आहे, आत्याबाईंसारखं, तिथे माफीसोबत व्यवस्थाही करायची. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना म्हणाला होता की पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या. आपल्याकडे त्याचा अर्थ "आणखी रडा, आणखी ठरवा" असा घेतला जातो. एडीएचडी असलेल्या बाईने पन्नासाव्यांदा मनाशी ठरवून काही होत नाही; ठरवण्यात ती कधीच कमी पडलेली नसते. तुमच्या बाबतीत पश्चात्तापाचं फळ म्हणजे फोनमधला गजर, दारावर चिकटवलेला कागद, किंवा "मला तीन वाजता फोन करून घराबाहेर काढ" असं मैत्रिणीला सांगून ठेवणं. ह्यात अध्यात्म कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

कबुलीच्या या चरकात तुमच्याआधी मोठमोठी माणसं पिळून निघाली आहेत. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करत बसत, आणि बाहेर पडल्यावर राहिलेलं काही आठवलं की परत येत. त्यांचे वरिष्ठ योहान फॉन स्टाउपिट्झ शेवटी त्यांना सांगत राहिले की स्वतःत खोदत बसू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. ल्यूथरच्या मेंदूत काय होतं हे मला सांगता येणार नाही आणि पाचशे वर्षांनी कोणी निदान करूही नये. स्टाउपिट्झांचा सल्ला मात्र माझ्या खोलीत रोज उपयोगी पडतो.

आता, इतकी वर्षं हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? यात तुमच्या आईवडिलांचा दोष शोधू नका. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातल्या ११ मुलांपैकी मुली फक्त ३ होत्या. पुढच्या वर्षी हान्स आस्पेर्गर यांनी वर्णन केले ते मुलगेच. त्यांच्याही आधी, १९२०च्या दशकात, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी अशा मुलींचीही नोंद केली होती, पण तिकडे जगाचं लक्ष गेलं नाही. एडीएचडीचं चित्रही वर्गात उड्या मारणाऱ्या मुलावरून रंगवलं गेलं; खिडकीबाहेर बघत बसणारी शांत मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यात अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पर्यंत नियमच असा होता की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान द्यायचं नाही. म्हणजे तुमच्या तिशीपर्यंत तुमचं दुहेरी निदान त्या कागदावर बसतच नव्हतं. त्याऐवजी तुम्हाला मिळाली ती घरगुती निदानं: वेंधळी, आरंभशूर, घुमी, शिष्ट, तिरसट. पाळकांना शिक्क्यांची काळजी वाटते, तर हे शिक्के आधी मोजावेत. वैद्यकीय नाव त्या सगळ्यांच्या जागी आलं आहे आणि त्यांच्याइतकं क्रूर नाही.

चाळिशीत निदान होण्याला आणखी एक कारण असतं, ते बायकांना कोणी सांगत नाही म्हणून इथेच लिहिते. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक वरखाली होऊ लागतं, आणि त्याचा डोपामिनच्या, म्हणजे लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या, कामावर परिणाम होतो. इतकी वर्षं कसंबसं सांभाळलेलं याच काळात हातातून निसटू लागतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळं बिघडतं असं तुम्हाला वाटत असेल तर तो भास नाही, तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

देवाला मी अशीच हवी होते का, हा तुमचा प्रश्न. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोघांनाही मोकळं करतो. या दोन्ही स्थिती मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के निघतो. मुलाच्या निमित्ताने आईचं निदान होणं म्हणूनच इतकं नेहमीचं आहे. सासूबाई जर "तुझ्यामुळे पोराला" असं म्हणाल्या, किंवा तुम्ही स्वतःच मनात म्हणालात, तर ते शिष्यांचंच वाक्य आहे, आणि त्याचं उत्तर देऊन झालेलं आहे.

पण या बाबतीत मला सगळ्यात जवळची वाटते ती मोशेची गोष्ट. निर्गमच्या चौथ्या अध्यायात मोशे म्हणतो, मी बोलका नाही, माझी जीभ जड आहे. देव विचारतो, माणसाचं तोंड कोणी केलं? मुका, बहिरा, डोळस, आंधळा कोण करतो? मोशे तरीही हटत नाही, दुसऱ्या कोणाला पाठव म्हणतो, आणि देवाला राग येतो. इथपर्यंतचं सगळे सांगतात. पुढे काय होतं ते नीट वाचा. ज्याने मोशेचा कोडाचा हात त्याच प्रसंगात एका क्षणात बरा केला, तो देव मोशेची जीभ सैल करत नाही. तो अहरोनाला सोबत देतो. तू त्याला सांग, तो लोकांशी बोलेल. रागावलेला असतानाही देवाने मोशेच्या अडचणीची सोय लावून दिली, आणि ती तशीच चालू राहिली. निर्गम झालं ते जड जिभेच्या माणसाच्या हातून आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या साथीने. पुढे अमालेकाशी लढाईत त्याचे हात दुखू लागले तेव्हा त्याला दगडावर बसवून दोघांनी दोन हात धरले. मोशेने मदत घेतली म्हणून त्याचा विश्वास कमी पडला असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

पाळकांचं "नवी उत्पत्ती" हे वचन खरंच आहे, ते कोणी नाकारू नये. ते करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात तोच पौल लिहितो की माझ्या शरीरात काटा आहे, तो जावा म्हणून मी तीनदा विनंती केली, आणि उत्तर मिळालं ते कृपा पुरे आहे असं. काटा काय होता यावर आजवर एकमत नाही. नवी उत्पत्ती झालेला माणूस आणि काटा असलेला माणूस एकच आहे, एवढं मात्र त्या पत्रात अगदी उघड आहे. तुमचा मेंदू काटा आहे असं मला म्हणायचं नाही. त्यातला काही भाग खरोखर त्रासाचा आहे. काही भाग, वर्गातल्या एकट्या पडलेल्या पोराला तुम्ही पहिल्या दिवशी ओळखता तो, त्रास नाहीच. दोन्ही एकाच माणसात असतात. अमेरिकेतल्या नॅन्सी आइसलँड या धर्मशास्त्रज्ञ स्वतः जन्मापासून हाडांच्या विकारासह जगल्या. त्यांनी १९९४ साली एक मुद्दा मांडला तो मी अनेकींना सांगते: पुनरुत्थित येशूच्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत, तो थोमाला त्या दाखवतो. ईस्टरच्या दिवशीचं शरीरसुद्धा "सगळं पुसून कोरं" असं नाही. बरी होणं म्हणजे इतरांसारखी दिसणं, ही कल्पना पवित्र शास्त्रातून आलेली नाही.

गोळ्यांबद्दल. हिज्कीया राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने प्रार्थना ऐकली, आणि यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. प्रार्थना आणि लेप एकाच प्रसंगात. आपल्या मराठी मंडळ्यांना तर हे नवं असूच नये, मिरजेत मिशनरी डॉ. वानलेसांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणी अशाच मिशनच्या दवाखान्यांत नर्स झाल्या. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांची स्वतःची बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर त्यासाठी त्या देवाचे आभार मानतात का, एवढं प्रेमाने विचारा.

वैद्यकीय बाजू मात्र स्पष्ट असू द्या. ऑटिझम बरा करणारं औषध नाही आणि ते शोधतही बसू नका. "ऑटिझम बरा करतो" म्हणणाऱ्यापासून, तो वैदू असो वा प्रचारक, लांब राहा. एडीएचडीवर औषधं आहेत. मिथिलफेनिडेट लवकर काम करतं, अॅटोमॉक्सेटिनला काही आठवडे लागतात. दोन्हींच्या आधी रक्तदाब, नाडी आणि हृदयाचा इतिहास तपासला जातो. मिथिलफेनिडेटवर आपल्याकडे कडक कायदेशीर नियंत्रण आहे, मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि लहान गावात प्रत्येक दुकानात नसतं, त्यामुळे संपायच्या आठवडाभर आधीच सोय करा. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) किंवा उपवास-प्रार्थनेच्या दिवसांत डॉक्टरांना न विचारता उपाशी राहू नका. या औषधाने भूक आधीच मरते. त्यात उपवास धरला की दुपारपर्यंत हात थरथरतात, चिडचिड होते, आणि मग बाई तेही पापाच्या वहीत लिहिते. दुसरा काही उपवास धरा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं तुमच्यासाठी जेवण सोडण्यापेक्षा अवघड आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

आता प्रार्थनेचं बोलू या, कारण खरी उपासमार तिथेच होते. पहाटे पाचला उठून डोळे मिटून एका जागी अर्धा तास, हा आपल्याकडचा "शांत वेळेचा" साचा बहुतेकींना झेपत नाही आणि त्यावरून त्या स्वतःला देवापासून दूर समजतात. डोळे मिटून स्थिर बसणं हे शास्त्राने घातलेलं बंधन नाही. स्तोत्रकर्ता अंथरुणावर प्रार्थना करतो, हन्ना रडत ओठ हलवते आणि याजकाला ती प्यालेली वाटते, दावीद नाचतो. माझ्या ओळखीच्या एक बाई पोळ्या लाटताना प्रार्थना करतात: एक पोळी, एक नाव. कणीक संपली की प्रार्थना संपली. हाताला काम असलं की त्यांचं मन जागेवर राहतं. कुणी चालत करतं, कुणी वहीत वेडीवाकडी चित्रं काढत. तुम्ही कॅथलिक असाल तर रोझरीचे मणी आहेतच. प्रोटेस्टंट बायकांना छापील प्रार्थना "मनापासूनची नाही" असं शिकवलेलं असतं, पण ज्या मेंदूला ऐनवेळी शब्द सापडत नाहीत त्याला शतकानुशतकं लोकांनी घासूनपुसून ठेवलेले शब्द हा मोठा आधार असतो. नारायण वामन टिळकांची भजनं मला याच कारणासाठी फार मोलाची वाटतात. ती अभंगाच्या चालीने जातात, धृपद परत परत येतं, आणि भरकटलेलं मन पुढच्या फेरीत आपोआप सापडतं. "उपासना संगीत" या आपल्या गीतपुस्तकातलं लहानपणापासून तोंडपाठ असलेलं एकच गीत रोज म्हणा. कंटाळा आला तर बदला. सातत्य तुटलं तर वही काढू नका, पुढच्या दिवशी म्हणा.

ऑटिझम असलेल्या बायकांची आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल उपदेशातून कधीच बोललं जात नाही. त्या शब्द जसाच्या तसा घेतात. "निरंतर प्रार्थना करा" वाचून एका मुलीने झोपायचीही धास्ती घेतली होती. प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल हे वाचून दुसरी दिवसेंदिवस बोलेनाशी झाली. त्यांचं वाचन उथळ नव्हतं, उलट बाकीचे ज्या वचनावरून सहज पुढे जातात ते त्यांनी पूर्ण मनावर घेतलं होतं. अशा वेळी वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटलं आहे हे समजावून सांगणारं शहाणं माणूस हवं. पौल "निरंतर प्रार्थना करा" हे लिहीत होता तेव्हा तो स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, प्रवास करत होता आणि झोपतही होता.

तसंच ते नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीचं. महिला-रविवार आला की तो अध्याय वाचला जातो आणि कितीतरी बायका मान खाली घालून ऐकतात. ती रात्र असतानाच उठते, तिचा दिवा मालवत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पंधराव्या ओवीत तिच्या घरी दासी आहेत आणि ती त्यांना कामं वाटून देते, हे कोणी ठासून सांगत नाही. यहुदी घरांत शब्बाथाच्या संध्याकाळी हे गीत बायकोच्या गौरवासाठी म्हटलं जातं. तिथे ते कौतुक आहे. आपण त्याची वार्षिक परीक्षा करून टाकली.

मंडळीत हसून, हात मिळवून, डोळ्यांत बघून बोलायचं नाटक तुम्ही किती वर्षं केलंत, त्याची किंमत आता कळत असेल. रविवारी दुपारी अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं, ते त्यामुळे. याला मास्किंग म्हणतात, आणि जास्त मास्किंग करणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं. "तुझ्यात प्रेम नाही, तू कोणात मिसळत नाहीस" हे ऐकून तुम्ही ते खरं मानलं असेल. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश संशोधकांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तितकंच इतरांनाही त्याचं कळत नाही, दोष मात्र एकाच्याच माथी येतो. ज्या बाईला आलिंगन सहन होत नाही, पण जी कोणी आजारी पडलं की न बोलता डबा पोचवते, तिच्यात प्रेम नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शोक होईल. राग येईल, आईवर, शिक्षकांवर, देवावर. सोळाव्या वर्षी कळलं असतं तर, हे वाक्य महिनोन्‌महिने डोक्यात फिरेल. विलापाची स्तोत्रं याच कामासाठी आहेत; अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही. ते म्हणायची घाई करून "तरी प्रभू चांगला आहे"वर उडी मारू नका. आणि रागाच्या जागी जगूच नये असं वाटू लागलं, तर प्रार्थनेच्या विनंतीत लिहून वाट बघत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. एलियाने झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. प्रश्न विचारण्याची वेळ पुढे, डोंगरावर आली.

कोणाला सांगायचं हे तुमच्या हातात आहे. निदान झालं म्हणून उभं राहून साक्ष द्यायची सक्ती नाही. आधी यजमानांसोबत तपासणीचा अहवाल बसून वाचा, कारण घरातली कामं वाटून घेण्याचं बोलणं त्यांच्याशीच होणार आहे. नोकरीच्या ठिकाणी सांगण्याआधी एवढं माहीत असू द्या की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव त्यात नाही.

पाळकांकडे जाल तेव्हा धर्मशास्त्रावर वाद घालायला जाऊ नका. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना कोणी शिकवलेलं नाही एवढंच. नेमक्या गोष्टी मागा: मला दाराजवळची, स्पीकरपासून लांबची जागा हवी, मध्येच बाहेर गेले तर मागे कोणाला पाठवू नका, आयत्या वेळी प्रार्थनेला उभं करू नका, सांगायचं असेल तर शनिवारी सांगा, उपदेशाचा शास्त्रभाग आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर टाका. त्यातलं शेवटचं मान्य झालं तर मंडळीतल्या म्हाताऱ्यांनाही उपयोग होईल, असा माझा अनुभव आहे. पाळकांनी विचारलं की मग तुझ्यासाठी प्रार्थना करायची नाही का, तर जरूर करायला सांगा, आणि कशासाठी तेही सांगा: रात्री झोप लागावी, औषध मानवावं, आणि मुलाला वर्गात समजून घेणारी बाई मिळावी.